आधी परिच्छेद, मग मथळा: मराठी मजकुराच्या टायपोग्राफीची सुरुवात

नवा डिझायनर बहुतेक वेळा मथळ्यापासून सुरुवात करतो. एखादा झोकदार फॉन्ट शोधायचा, मथळा मोठा करायचा, त्याला रंग द्यायचा आणि उरलेल्या जागेत मॅटर कोंबायचं. इथे आपण उलट्या बाजूने जाऊ. आधी दीड-दोनशे शब्दांचा एक साधा परिच्छेद नीट वाचता येईल असा लावायचा. तो जमला की समास, रकाने, मथळ्यांची मापं, मधली मोकळी जागा या सगळ्याचा हिशोब त्या परिच्छेदातूनच निघतो.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. टायपोग्राफीचे जे नियम सगळीकडे शिकवले जातात ते बहुतेक रोमन लिपीवर बेतलेले असतात. त्यातले काही देवनागरीला जसेच्या तसे चालतात, काहींना थोडी मुरड घालावी लागते आणि दोन-तीन तर सरळ नुकसान करतात. कोणता नियम कोणत्या गटातला, ते ओघात येईलच. सरावासाठी ए-फाइव्ह आकाराचं एक पान उघडा आणि वाचता वाचता हात चालवत राहा. मॅटर खरं घ्या. लॅटिनमधलं ‘लोरेम इप्सम’ टाकून मराठी पान जुळवण्यात अर्थ नाही, कारण त्यात ना वेलांटी ना उकार.

सॉफ्टवेअरला देवनागरी कळते का?

पहिलं काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळलं तर पुढचं सगळं वाया जातं. ‘विद्यार्थ्यांनी’ हा एकच शब्द टाइप करून बघा. पहिली वेलांटी ‘व’च्या आधी आली पाहिजे, ‘द्य’ जोडलेलं दिसलं पाहिजे आणि रफार ‘थ्यां’च्या डोक्यावर बसला पाहिजे. पाय मोडलेली सुटी अक्षरं दिसली किंवा वेलांटी ‘व’च्या उजवीकडे गेली, तर दोष फॉन्टचा नसून बहुधा सेटिंगचा असतो.

पानं लावण्याच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूत जाऊन ‘अडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडावा लागतो. इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात भारतीय लिप्यांचे पर्याय दाखवण्याची खूण करायची आणि मग दक्षिण आशियाई कंपोझर घ्यायचा. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांमध्येही टाइपच्या प्रेफरन्सेसमध्येच मजकुराचं इंजिन बदलावं लागे. वर्ड आणि लिब्रेऑफिसची तऱ्हा वेगळी. तिथे देवनागरीसारख्या लिप्यांचा फॉन्ट रोमनपेक्षा निराळा नोंदलेला असतो. त्यामुळे ‘फॉन्ट बदलला तरी काहीच होत नाही’ अशी तक्रार आली की समजायचं, बदलला तो रोमनचा.

मॅटर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, आहे का, हेही याच टप्प्यावर बघा. युनिकोडपूर्व काळातल्या फॉन्टांमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. तो फॉन्ट काढला की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. असं मॅटर हाती आलं तर कन्व्हर्टरमधून काढा, पण त्याच्यावर विसंबू नका. रफार, जोडाक्षरं आणि ‘ऱ्य’ या जागा हमखास बिघडतात. रूपांतर झाल्यावर एकदा ओळ न् ओळ वाचावीच लागते, आणि हे प्रूफ पान लावण्याआधी वाचायचं, नंतर नाही.

फॉन्टची परीक्षा

फॉन्टच्या यादीत दिसणारं ‘नमस्कार’ किंवा ‘अआइई’ बघून फॉन्ट निवडू नका. ही अक्षरं कोणत्याही फॉन्टमध्ये बरीच दिसतात. परीक्षा अवघड अक्षरांवर घ्यायची. मी ही ओळ सुचवीन:

मूर्तींच्या दऱ्याखोऱ्यांत उद्ध्वस्त वाङ्मय, हृदयातलं दुःख, लठ्ठ चिठ्ठी, बँकेतला ॲसिडचा डबा, ऱ्हास, कर्तृत्व आणि रूढी.

ओळीला अर्थ नाही, पण तिच्यात बहुतेक सापळे आहेत. ‘मूर्तीं’मध्ये वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकाच डोक्यावर बसतात. स्वस्तात उरकलेल्या फॉन्टमध्ये ते एकमेकांत घुसून एक काळा ठिपका होतो. ‘उद्ध्वस्त’मध्ये जोडाक्षर कसं रचलंय ते बघा. ‘लठ्ठ’मध्ये ठ खाली ठ बसत असेल तर तो ओळीखाली किती उतरतो तेही बघा. ‘दऱ्या’मधला अर्धचंद्रासारखा ‘र’ मराठीची खास गरज आहे, हिंदीचं काम त्यावाचून अडत नाही. म्हणून केवळ हिंदी डोळ्यांपुढे ठेवून तपासलेल्या फॉन्टमध्ये तो कधी विचित्र आकाराचा, तर कधी पुढच्या अक्षरापासून तुटलेला दिसतो.

मग ‘ल’ आणि ‘श’कडे वळा. मराठी वळणाचा ‘ल’ आणि हिंदी वळणाचा ‘ल’ वेगळे, ‘श’चंही तसंच. बऱ्याच चांगल्या फॉन्टांत दोन्ही आकार असतात, मात्र मराठी आकार मिळण्यासाठी मजकुराची भाषा मराठी आहे हे सॉफ्टवेअरला सांगावं लागतं. इनडिझाइनमध्ये कॅरेक्टर पॅनेलमध्ये भाषा निवडता येते. वेबपानावर एचटीएमएलच्या ‘लँग’ या गुणधर्मात मराठीचा ‘एमआर’ हा कोड द्यायचा. एका ओळीचं काम आहे, पण मराठीची कितीतरी संकेतस्थळं ते न केल्यामुळे हिंदी वळणाच्या अक्षरांत दिसतात.

आकार तपासून झाले की अक्षरांच्या पोटातली पोकळी बघा. ‘ष’, ‘क्ष’, ‘भ’, ‘थ’ यांच्यातली छोटी पोकळी लहान आकारातही उघडी राहिली पाहिजे. ‘एक टाइप’ या संस्थेच्या ‘मोदक’सारखं गुबगुबीत अक्षर पोस्टरवर बहार आणतं, कारण त्यातली पोकळी मुद्दामच एका रेघेएवढी ठेवली आहे. त्याच कारणाने ते परिच्छेदात वाचता येणार नाही. विंडोजसोबत वर्षानुवर्षं येत राहिलेला मंगल हा र. कृ. जोशी यांनी घडवलेला फॉन्ट पडद्यावर, मेनूत आणि खिडक्यांत, आपलं काम चोख करतो. तो पुस्तकाच्या पानावर उपरा वाटला तर त्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

सुरुवातीला दोन-तीन फॉन्ट-कुटुंबांत (एकाच घडणीचे हलके-ठळक फॉन्ट मिळून एक कुटुंब) हात बसवा, शंभर फॉन्ट उतरवून घेऊ नका. मुक्त परवान्याचे चांगले पर्याय आहेत. ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट सात वजनांत, म्हणजे रेघेच्या सात जाड्यांत, मिळतो आणि मजकुरालाही चालतो, मथळ्यालाही. हिंद पडद्यावर स्वच्छ दिसतो. बोरूच्या वळणाची आठवण देणारं पुस्तकी अक्षर हवं असेल तर तिरो देवनागरी मराठी बघा, त्यात मराठी आकार मुळातच आहेत. त्याची अडचण एवढीच की ठळक वजन नाही. त्यामुळे मथळ्यासाठी दुसऱ्या कुटुंबाची सोबत घ्यावी लागते. या तिन्हींचा परवाना सिल ओपन फॉन्ट लायसन्स आहे. त्यानुसार व्यावसायिक कामात फॉन्ट वापरता येतो, फक्त तो नुसता फॉन्ट म्हणून विकता येत नाही. ‘फ्री’ असं लिहिलेला प्रत्येक फॉन्ट या गटातला नसतो. पुष्कळसे खासगी वापरापुरतेच फुकट असतात, तेव्हा सोबतची परवान्याची फाइल उघडून वाचा.

एका पानाला एक कुटुंब पुरतं. फार तर दोन. दोन घेतलीत तर ती ठळकपणे वेगळी असू द्या. जवळपास सारखे दिसणारे दोन फॉन्ट शेजारी आले की वाचणाऱ्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहतं.

आकार: पॉइंट नेमका कशाचा?

एक पॉइंट म्हणजे इंचाचा ७२ वा भाग. पण १२ पॉइंटचा फॉन्ट म्हणजे अक्षर १२ पॉइंट उंच, असं नसतं. शिशाच्या खिळ्यांच्या काळात हे माप अक्षर ज्या ठोकळ्यावर उठलेलं असे त्या ठोकळ्याचं होतं. आज ठोकळा अदृश्य झालाय, हिशोब तोच राहिलाय. देवनागरीला त्या ठोकळ्यात वर वेलांटी-मात्रांसाठी आणि खाली उकारांसाठी जागा सोडावी लागते. म्हणून मधलं मुख्य अक्षर बरंच लहान होतं, आणि ते किती लहान करायचं हे प्रत्येक फॉन्टकर्ता आपापलं ठरवतो. एकाच पॉइंटातले दोन मराठी फॉन्ट शेजारी ठेवले तर एक दुसऱ्यापेक्षा चांगलाच मोठा दिसू शकतो, तो यामुळे.

तेव्हा आकडा न बघता शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंतची उंची बघा. छापील मजकुरासाठी ११ ते १२ पॉइंटवर सुरुवात करा, मोबाइलसाठी १७ ते १९ पिक्सेलवर, आणि मग डोळ्यांनी ठरवा. छापायचं असेल तर शंभर टक्के आकारात कागदावर प्रिंट काढून हातभर अंतरावर धरून वाचा. मॉनिटरवर पान मोठं करून ‘छान दिसतंय’ म्हणणं ही फसवणूक आहे.

आपल्या सरावाच्या पानासाठी मुक्त, साडेअकरा पॉइंट, साधं वजन असं धरू.

ओळीची लांबी आणि ओळींमधली हवा

टायपोग्राफीत सर्वांत जास्त फरक इथे पडतो, फॉन्टच्या निवडीपेक्षाही जास्त.

ओळ फार लांब झाली की डोळा परतताना चुकतो आणि तीच ओळ पुन्हा वाचतो किंवा एक ओळ गाळतो. फार आखूड झाली की वाक्याचे तुकडे पडतात. रोमनसाठी ४५ ते ७५ अक्षरांची ओळ हा जुना ठोकताळा आहे. देवनागरीत अक्षरं मोजणं अवघड, कारण ‘स्त्री’ला किती अक्षरं म्हणायचं यावरच वाद होईल. म्हणून शब्द मोजा. आठ ते बारा शब्दांची ओळ चांगली. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटत जातात, ‘घरासमोरच्यांनासुद्धा’ असा एकच शब्द अर्धी ओळ खातो. त्यामुळे पाच-सहा शब्दांचे अरुंद रकाने मराठीला इंग्रजीपेक्षा जास्त जाचतात.

ए-फाइव्ह पान १४८ बाय २१० मिलिमीटर असतं. डावी-उजवीकडे १८-१८ मिलिमीटर समास सोडले तर ओळीला ११२ मिलिमीटर मिळतात. साडेअकरा पॉइंटात तेवढ्यात साधारण दहा-बारा शब्द बसतात. म्हणजे समास आपण नक्षीसाठी सोडले नाहीत, ते ओळीच्या लांबीने ठरवले.

आता ओळींमधलं अंतर, म्हणजे लेडिंग. ते एका ओळीच्या तळापासून पुढच्या ओळीच्या तळापर्यंत मोजतात. अडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘ऑटो’वर ठेवलं तर ते अक्षराच्या १२० टक्के धरलं जातं. रोमनला हे एक वेळ चालून जातं, देवनागरीला अपुरं पडतं. वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकाच पट्टीत जागा मागत असतात. शिवाय शिरोरेषा सलग असल्यामुळे प्रत्येक ओळीच्या डोक्यावर एक आडवा काळा पट्टा असतोच. ओळी जवळ आल्या की हे पट्टे डोळ्यांवर येतात आणि मजकुराऐवजी जाळी दिसू लागते. देवनागरीसाठी १४५ ते १७० टक्क्यांच्या दरम्यान खेळा. ओळ लांब असेल तर अंतर जास्त, आखूड असेल तर कमी.

साडेअकराला दीडपट म्हणजे १७.२५. आपण सोयीसाठी १७ पॉइंट घेऊ. वर २० आणि खाली २२ मिलिमीटर समास सोडला की मजकुराला १६८ मिलिमीटर उंची उरते, म्हणजे ४७६ पॉइंट. त्याला १७ ने भागा: बरोबर २८ ओळी. असा पूर्ण भाग जाईपर्यंत समास किंवा लेडिंग थोडं इकडेतिकडे करत राहणं, हेच पान आखणं. यापुढे पानावरचं प्रत्येक उभं अंतर १७ च्या हिशोबात ठेवा. परिच्छेदांमध्ये जागा सोडायची तर १७ किंवा त्याची निम्मी साडेआठ, चित्राची उंचीही याच पटीत. समोरासमोरच्या दोन पानांवरच्या ओळी एका रेषेत येतात त्या यामुळेच. सॉफ्टवेअरमध्ये बेसलाइन ग्रिड, म्हणजे ओळींच्या तळरेषांची आखणी, १७ पॉइंटची लावलीत तर हिशोब डोक्यात ठेवावा लागत नाही.

नवा परिच्छेद दाखवायला एक तर पहिली ओळ आत घ्या किंवा वर जागा सोडा. दोन्ही एकदम करू नका.

अक्षरांमधल्या अंतराला हात लावू नका

सरळ नुकसान करणारा नियम म्हणतात तो हा. रोमनमध्ये मोठ्या अक्षरांतला मथळा थोडा ऐसपैस ठेवतात, बटणांवरची अक्षरं सुटी करतात. त्याला ट्रॅकिंग म्हणतात. हेच देवनागरीला केलं की शिरोरेषेचे तुकडे पडतात आणि ‘बातम्या’ हा एक शब्द राहत नाही, शेजारी शेजारी ठेवलेली अक्षरं होतात. तयार टेम्प्लेट किंवा वेबची थीम वापरताना ट्रॅकिंग आधीपासून लावलेलं असतं, मराठी मजकूर ओतल्यावर ते शून्य करायचं लक्षात ठेवा. उणे ट्रॅकिंगही नको. अक्षरं एकमेकांत शिरतात आणि काना पुढच्या अक्षराला चिकटतो. कर्निंगचंही तसंच. दोन अक्षरांतलं अंतर हाताने बदलायचं तर शिरोरेषा जुळवून घ्यायची तयारी हवी. लोगोपुरतं ते ठीक आहे, मजकुरात नाही.

याच कुळातला आणखी एक घोटाळा बाहेरच्या रेघेचा. मथळ्याला स्ट्रोक दिला की प्रत्येक अक्षराच्या जोडावर शिरोरेषेत एक बारीक उभी चीर दिसते. कारण असं की शिरोरेषा सलग दिसते, पण प्रत्यक्षात ती प्रत्येक अक्षराची स्वतंत्र असते आणि शेजारच्या अक्षरावर किंचित चढलेली असते. एरवी हा चढाव लपतो, स्ट्रोक दिल्यावर किंवा अक्षर अर्धपारदर्शक केल्यावर उघडा पडतो. उपाय सोपा आहे. मजकूर आउटलाइनमध्ये, म्हणजे नुसत्या आकारांत, बदला, इलस्ट्रेटरच्या पाथफाइंडरने सगळे आकार एक करा आणि मग स्ट्रोक द्या. मूळ मजकुराची प्रत मात्र बाजूच्या लेअरवर ठेवून द्या, कारण शुद्धलेखनाची चूक अशा वेळीच सापडते.

वक्र रेषेवर मराठी मजकूर चढवतानाही शिरोरेषा तुटते. वर्तुळ मोठं घेतलं तर कमी तुटते. मुळात ही कल्पना टाळता आली तर उत्तम.

डावीकडून, की दोन्हीकडून सारखं?

मजकूर दोन्ही कडांना सारखा लावला की सॉफ्टवेअर उरलेली जागा शब्दांच्या मध्ये वाटतं. अरुंद रकान्यात, त्यात मराठीचे लांब शब्द, म्हणजे मधल्या फटी ओळीमागून ओळी एकाखाली एक येतात आणि परिच्छेदातून पांढऱ्या नद्या वाहू लागतात. दहा-बारा शब्दांची ओळ असेल तर दोन्हीकडून सारखं लावायला हरकत नाही. त्याहून आखूड ओळ असेल तर, आणि पडद्यावर तर नेहमीच, डावीकडून लावा आणि उजवी कड मोकळी सोडा. जस्टिफिकेशनच्या खिडकीत अक्षरांमधल्या अंतराचे तिन्ही आकडे शून्य आहेत ना, एवढं एकदा तपासा. एखाद्याने ते बदललेले असतील तर शिरोरेषा ओळीगणिक ताणली जाईल.

मधोमध लावलेला मजकूर दोन-तीन ओळींपुरता, निमंत्रणात किंवा मुखपृष्ठावर. परिच्छेद कधीच मधोमध लावू नये.

आता मथळा

परिच्छेद जमला. आता त्याच्यावर काय चढवायचं ते बघू. आकार अंदाजाने घेऊ नका, एक गुणोत्तर धरा. साडेअकराला सव्वापटीने वाढवत गेलं तर १४.५, १८, २२.५, २८ असे टप्पे साधारणपणे मिळतात. एवढ्या चार पायऱ्यांत छोट्या पुस्तिकेचं काम भागतं. पोस्टरला सव्वापट पुरत नाही, तिथे दीडपट किंवा दुप्पट उडी घ्या, कारण लांबून बघणाऱ्याला बारीक फरक कळत नाही.

महत्त्व दाखवण्याचे मार्ग चार: आकार, वजन, रंग आणि भोवतालची जागा. एका वेळी एक, फार तर दोन वापरा. मोठा, ठळक, लाल आणि शिवाय चौकटीत, असा मथळा म्हणजे डिझायनरला आपल्याच मथळ्याचा भरवसा नाही. चारांतला सर्वांत कमी वापरला जाणारा मार्ग जागेचा. उपमथळा मजकुराच्याच आकारात, फक्त ठळक ठेवा, वर १७ पॉइंट जास्तीची जागा द्या आणि खाली काहीच नको. तो खालच्या परिच्छेदाचा आहे हे न सांगता कळतं. उपमथळ्याच्या वर-खाली सारखीच जागा सोडली की तो अधांतरी तरंगतो, आणि नवख्यांच्या पानांवर ही खोड सगळ्यांत जास्त दिसते.

मथळा दोन ओळींचा असेल तर लेडिंग टक्केवारीने नाही, प्रत्यक्ष शब्द बघून ठरवा. समजा वरची ओळ ‘शुद्ध हवेसाठी वृक्षसमूह’ आणि खालची ‘मोठ्या शहरांचे नवे धोरण’. वरच्या ओळीत ‘शु’, ‘वृ’ आणि ‘मू’ खाली लोंबतात, खालच्या ओळीत ‘मो’, ‘चे’, ‘वे’, ‘धो’ यांच्या मात्रा वर उठतात. अंतर कमी केलं की ते कुठे तरी आदळणारच. अशा वेळी आधी ओळ दुसऱ्या शब्दावर तोडून बघा. लोंबणाऱ्या अक्षराखाली मात्रा नसलेला शब्द आला तर तेवढ्याच अंतरात मथळा सुटसुटीत दिसतो. ओळ कुठे तोडायची हे ठरवताना अर्थाकडेही बघा: विशेषण वर आणि नाम खाली, असं शक्यतो नको.

बटणावर किंवा पट्टीत शब्द उभ्या दिशेने मधोमध बसवताना सॉफ्टवेअर पूर्ण चौकट मोजतं, त्यात मात्रांची जागाही धरलेली असते. म्हणून ‘मदत’ शब्द खाली घसरल्यासारखा वाटतो. शिरोरेषा ते तळ हीच उंची मध्यावर आणा आणि शेजारचं चिन्हही तिच्याशीच जुळवा.

परिच्छेदाचं पहिलं अक्षर मोठं करायची हौस असेल तर पूर्ण जोडाक्षर घ्या. ‘प्रत्येक’चं ‘प्र’ मोठं होईल, नुसता ‘प’ नाही. त्याची शिरोरेषा पहिल्या ओळीच्या शिरोरेषेला टेकली पाहिजे, वेलांटीचा शेंडा नव्हे.

ठळक आणि तिरपं

देवनागरीत रोमनसारखी मोठी अक्षरं नाहीत आणि तिरप्या अक्षरांची स्वतंत्र परंपराही नाही. जोर देण्यासाठी ठळक वजन किंवा अवतरणचिन्हं वापरा. फॉन्टमध्ये ठळक वजन नसताना ‘बी’चं बटण दाबलं की बरीच सॉफ्टवेअर आणि ब्राउझर अक्षराला बाहेरून फुगवून खोटं ठळक तयार करतात. ‘क्ष’ आणि ‘द्ध’ची पोटं भरून जातात. तिरपं बटण दाबल्यावरही असंच: अक्षर नुसतं ढकललं जातं आणि काने पडायला आल्यासारखे दिसतात. यादीत जे वजन प्रत्यक्ष आहे तेच वापरायचं.

मराठीत इंग्रजी शब्द किंवा आकडे आले तर

एकाच पॉइंटात दोन्ही लिप्या ठेवल्या की बहुधा एक दांडगी दिसते. रोमन अक्षर अर्ध्या-एक पॉइंटने कमी-जास्त करून बघा. लहान रोमन अक्षरं शिरोरेषेपेक्षा बरीच बुटकी नकोत आणि मोठी अक्षरं शिरोरेषेच्या खूप वर जायला नकोत, मध्ये कुठेतरी तडजोड होते. वजनही तपासा, डोळे किलकिले करून बघितलं तर राखाडी रंग सारखा दिसला पाहिजे. आकडे देवनागरी की रोमन हे सुरुवातीला ठरवा आणि पूर्ण कामात तेच ठेवा. पृष्ठक्रमांक आपोआप येतात, त्यामुळे ते हटकून रोमनमध्ये राहून जातात.

बारीकसारीक

विसर्ग टाइप करताना अपूर्णविराम, म्हणजे दोन टिंबांचा कोलन, देऊ नका. ‘दुःख’ आणि ‘दु:ख’ पहिल्या नजरेला सारखे वाटतात, पण कोलनवर काही सॉफ्टवेअर शब्द संपला असं समजू शकतात. ‘ॲ’साठी युनिकोडमध्ये २००८ पासून स्वतंत्र अक्षर आहे. जुन्या मजकुरात तोच ‘अ’वर चंद्र जोडून केलेला असतो. शोधून बदलताना एक सापडतं, दुसरं निसटतं, म्हणून आधी सगळे एकाच प्रकारचे करून घ्या. अवतरणचिन्हं वळणदार, सरळ नकोत. ‘इ. स. १९४७’ किंवा ‘१७ पॉइंट’ यांच्यामध्ये न तुटणारी जागा द्या, नाहीतर आकडा एकटाच पुढच्या ओळीत जातो. दोनदा दाबलेले स्पेसबार शोधून एक करा. परिच्छेदाचा शेवटचा एकच शब्द नव्या पानाच्या डोक्यावर गेला असेल तर आधीच्या ओळीत एखादा शब्द कमी-जास्त करायची परवानगी लेखकाकडे मागा. बहुतेक लेखक देतात.

रंग आणि छपाई

पडद्यावरच्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, किमान ४.५ ला १ हवा, मोठ्या अक्षरांना ३ ला १ चालतो. वेबच्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांतला हा आकडा आहे आणि तो तपासणारी फुकट साधनं मिळतात. देवनागरीच्या हलक्या वजनात, फिकट राखाडी रंगात अनुस्वार आणि अर्धचंद्र आधी नाहीसे होतात. ‘अंत’ आणि ‘अत’ यांत फरक राहत नाही. म्हणून मी स्वतः किमान आकड्याच्या बराच वर राहतो.

छापायच्या कामात मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवा, म्हणजे सीएमवायके या चार शायांतला के शंभर टक्के. चारही शाया मिसळून केलेला दाट काळा मोठ्या पट्ट्याला शोभतो. साडेअकरा पॉइंटच्या अक्षराला मात्र प्लेट केसभर सरकली तरी रंगीत सावली येते आणि पहिली झळ अनुस्वाराला बसते. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं असतील तर एक वजन वर चढा, कारण शाई पसरते आणि बारीक रेघा बुजतात.

प्रेसला पीडीएफ पाठवताना फॉन्ट आत बसवलेले आहेत याची खात्री फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये करून घ्या. मग ती पीडीएफ दुसऱ्या मशीनवर उघडा, जिथे तुमचे फॉन्ट नाहीत अशा, आणि वरची परीक्षेची ओळ वाचली तशीच काळजीपूर्वक प्रत्येक पानावरची ‘ऱ्य’, रफार आणि अनुस्वाराची ठिकाणं वाचा. प्रेस आउटलाइन केलेली फाइल मागत असेल तर ती वेगळ्या नावाने द्या आणि संपादन करता येणारी फाइल स्वतःकडे ठेवा. दुसरी आवृत्ती निघते तेव्हा पहिला फोन तिच्यासाठीच येतो.